नलिकापाद

कळंबला नळ अकराव्या दिवशी येतो.
आज दहावा. प्रयोगशाळेच्या बेसिनखाली
तीन बादल्या, तिन्हींवर थाळ्या झाकलेल्या,
आणि वर फळीवर, बरणी क्रमांक अठरामध्ये,
तारामासा.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सहलीत
कुणीतरी मालवणहून आणलेला.
चिठ्ठीवरचं गाव पुसट होत होत
आता फक्त ‘वण’ उरलंय.
गुणवंतमामा दर मे महिन्यात फॉर्मॅलिनची पातळी बघतात,
उतरली की भर घालतात,
डोळे चोळत व्हरांड्यात येतात.
समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.
समुद्र म्हणजे डोळ्यांना झोंबणारं काहीतरी,
ही त्यांची समजूत
मी अजून मोडलेली नाही.

ट्रेमध्ये पाचही बाहू पसरते.
मुली वाकतात.
कंटकचर्मी, मी सांगते. याला डोकं नाही.
मेंदू नाही. पुढं-मागं नाही.
लहानपणी डावं-उजवं होतं, आपल्यासारखंच;
पोहता पोहता डाव्या अंगाला एक नवं अंग धरलं
आणि उरलेलं लहानपण त्यानं जिरवून टाकलं.

‘ह्याच्यात रगत नाही मनता?’
मैना ओव्हाळ.
रक्त म्हणावं असं नाही. पाणी आहे.
ही बघ पाठीवर, तांदळाच्या कणीएवढी चाळणी.
इथून समुद्र आत येतो,
मधल्या कड्यातून फिरतो, पाच नळ्यांत वाटला जातो,
प्रत्येक नळीला शेकडो पावलं.
पाणी भरलं की पाऊल लांब.
पाणी मागं घेतलं की आखूड.
चालणं, धरणं, शिंपला उघडणं
सगळं त्याच दाबावर.
घाई नाही त्याला. शिंपल्याचा स्नायू थकेस्तोवर ओढत राहतो.
केसाएवढी फट पडते.
तेवढ्यातून स्वतःचं पोट बाहेर काढून
त्याच्या घरात सोडतो.

मुली ईऽऽ करतात. मैना करत नाही.
‘म्हंजे म्याडम, ह्याच्या अंगातच नळ हाय.
मग वाल्व कुणाच्या हातात?’

उत्तर पुस्तकात आहे, आकृतीसकट.
पण तिचा बाप नगर परिषदेत वाल्वमन
आणि रांगेतली भांडणं कुणाच्या नावानं होतात
ते वर्गाला ठाऊक आहे.
मी म्हणते, प्रत्येक पावलाची झडप वेगळी.
एक तुटलं
तरी बाकीच्यांचं पाणी जात नाही.
ती लिहून घेते. खाली दोन रेघा मारते.

दुपारी मामा खणात टाचण्या शोधत होते.
‘म्याडम, हे बगा जरा.’

फेब्रुवारीत मांजरा धरणाच्या उघड्या गाळातून
प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या गोगलगायी,
त्यातली एक मोजणीत चुकून कापसात राहिली होती.
तोंडावरचं झाकण घट्ट. पाच महिने.
रिकामा शंख समजून विसरलो आम्ही.
आज वरून बादली हिंदकळली असावी:
कापूस ओला, झाकण सरकलेलं,
आणि खणाच्या लाकडावर
चार बोटं लांब, चकाकती रेघ.

हिला कल्ला असतो आणि फुप्फुसही, हे मी
बावीस वर्षं शिकवतेय.
पाणी असेल तर पाण्यातून, नसेल तर हवेतून,
आणि काहीच परवडेना
तर दार लावून.
शिकवताना हा शेवटचा भाग
मी नेहमी घाईत उरकते, तास संपत आलेला असतो.

मामांनी तिसऱ्या बादलीवरची थाळी उचलली,
तिच्यात अर्धा तांब्या ओतला,
तिला अलगद सोडलं.
‘उद्या नळ हाय,’ म्हणाले.
तिला की मला, कळलं नाही.

तारामासा परत बरणीत ठेवला, झाकण आवळलं.
ट्रेमध्ये एक पाऊल सुटून राहिलं होतं,
पांढरं, शेवईच्या तुकड्याएवढं,
रिकामं.
ते कुठं ठेवायचं असतं
कुठल्याच पुस्तकात नाही.